प्रमाणपत्राआधी नोंदवही

मुंबईत शीव–वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी बस आगारासमोर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा १९७७ पर्यंत शहराचा कचरा टाकण्यासाठी वापरली जात होती. १९८३ मध्ये डॉ. सलीम अली यांच्या हस्ते इथे रोप लावले गेले आणि २२ एप्रिल १९९४ रोजी उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तिथे दाट झाडी आहे, फुलपाखरे आहेत, पावसाचे पाणी साठवणारे तळे आहे. एका अंगाला मिठी नदी आणि तिच्या काठची तिवरे, दुसऱ्या अंगाला धारावीची दाटीवाटीची वस्ती, नदीपलीकडे वांद्रे–कुर्ला संकुलाच्या उंच इमारती. घनकचरा, सांडपाणी, खाडीची परिसंस्था, शहरातली उष्णता, जमिनीसाठी चाललेली ओढाताण असे पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमातले बहुतेक विषय इथे एका फेरीत समोर येतात. कचऱ्याच्या थरावर रान कसे रुजते, हे दाखवणारी इतकी बोलकी जागा राज्यात दुसरी क्वचितच असेल. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने इंटर्नशिपसाठी अशा उद्यानात यावे, याबद्दल कुणाचे दुमत होणार नाही. तिथे आल्यावर त्याने नेमके करायचे काय, हे मात्र आपण अजून नीट ठरवलेले नाही.

आता ते ठरवणे भाग आहे, कारण इंटर्नशिप हा काही हौशी विद्यार्थ्यांचा मामला उरलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांनी २०२३ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात आणि पाठोपाठ पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणले. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. त्यामुळे दरवर्षी पर्यावरणशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी पत्र हातात घेऊन निसर्ग उद्याने, वन विभागाची कार्यालये आणि संस्थांचे दरवाजे ठोठावतात. बऱ्याच ठिकाणी या १२० तासांचे काय होते, ते प्राध्यापकांनाही ठाऊक असते आणि विद्यार्थ्यांनाही. शाळेच्या सहलींना फिरवून आणायचे, वसुंधरा दिनाचे फलक रंगवायचे, रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या, समाजमाध्यमांसाठी फोटो काढायचे आणि शेवटी इंटरनेटवरून उतरवलेल्या माहितीचा वीस–पंचवीस पानी अहवाल बांधून घ्यायचा. यातले एकही काम वाईट नाही. पिशव्या भरता आल्याच पाहिजेत. पण विद्यार्थी निघून गेल्यावर उद्यानाच्या ज्ञानात काडीची भर पडत नाही, आणि विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्राखेरीज काही लागत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक इंटर्नला एक मोजमाप सोपवावे. आधीच्या इंटर्नने ते जिथे सोडले तिथून त्याने उचलावे, ठरलेल्या रीतीने पुढे न्यावे आणि नोंदवही पुढच्याच्या हाती द्यावी. बाकी सगळे दुय्यम.

या मागणीला आपल्याकडे जुना आधारही आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निकालामुळे पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा होण्याचा मार्ग खुला झाला. पुढे न्यायालयाने पुन्हा कान टोचल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. पन्नास तासिकांच्या त्या अभ्यासक्रमात पाच तासिकांइतके क्षेत्रकार्य होते आणि त्याला शंभरांपैकी २५ गुण होते. जवळची नदी, जंगल, गवताळ माळ पाहा, प्रदूषित जागा पाहा, नेहमीच्या वनस्पती, कीटक, पक्षी यांचा अभ्यास करा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हेतू उत्तमच होता. तरी कित्येक महाविद्यालयांत हे क्षेत्रकार्य एका सहलीवर आणि एकमेकांच्या वह्यांवरून उतरवलेल्या प्रकल्पावर भागले. याचे कारण केवळ आळसात शोधणे अन्यायाचे होईल. दरवर्षीचा प्रकल्प शून्यापासून सुरू होई, गुण दिल्यावर रद्दीत जाई, आणि आपल्या नोंदीवर पुढे कुणाचे काही अवलंबून आहे असे विद्यार्थ्याला कधी वाटतच नसे. जी नोंद कुणी वाचणार नाही ती काळजीपूर्वक का करावी? इंटर्नशिपच्या १२० तासांनाही याच वाटेने जाऊ द्यायचे का, हे आत्ताच ठरवायला हवे.

मोजमाप म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. फुलपाखरे मोजण्याची एक साधी पद्धत अर्नी पोलार्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसवली. उद्यानातली एक पायवाट कायमची ठरवायची आणि तिचे सावली, उघडीप, पाणी यांनुसार तुकडे पाडायचे. आठवड्यातून एकदा, ऊन असताना, ठरलेल्या वेळेत त्या वाटेवरून एकसारख्या संथ चालीने जायचे. आपल्या डावी–उजवीकडे अडीच–अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्या कल्पित चौकटीत जे फुलपाखरू येईल तेवढेच मोजायचे. चौकटीबाहेर कितीही देखणे नीलवंत उडत गेले तरी ते नोंदीत घ्यायचे नाही. नेमकी इथेच नवख्याची परीक्षा होते, कारण राज्याचे मानचिन्ह असलेले ते काळे–निळे मोठे फुलपाखरू सोडून देणे जिवावर येते. पण ते सोडले नाही तर या आठवड्याचा आकडा मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. वाऱ्याचा जोर, ढग, तापमान, सुरुवातीची आणि शेवटची वेळ हे सगळे त्याच पानावर लिहायचे. वाटेच्या कडेची कढीपत्त्याची, लिंबाची, बेलाची झाडे तपासून लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या आहेत का तेही पाहता येते. या कामाला महागडे उपकरण लागत नाही. घड्याळ, तापमापी, ओळखपुस्तिका आणि शिस्त पुरते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून या पद्धतीने नोंदी चालू आहेत, त्या मुख्यतः स्वयंसेवक करतात आणि तिथल्या सरकारचे जैवविविधतेचे काही निर्देशांक त्यांच्यावर आधारलेले असतात.

पाण्याचेही तसेच. तळ्यातल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, हे विद्यार्थी प्रयोगशाळेत विंकलर पद्धतीने मोजायला शिकतोच. पण तळ्याकाठी गेल्यावर त्याला कळते की पहाटे हा आकडा खाली असतो आणि दुपारी वर जातो, कारण रात्रभर सगळे जीव प्राणवायू वापरतात आणि उन्हात शेवाळे तो तयार करते. म्हणजे नमुना किती वाजता घेतला हे लिहिले नसेल तर तो आकडा कितीही अचूक असो, निरुपयोगी ठरतो. मिठीच्या काठावर त्यात भरती–ओहोटीची भर पडते. ओहोटीच्या वेळी घेतलेला नमुना वरून वाहत आलेल्या सांडपाण्याबद्दल बोलतो, तर भरतीच्या वेळचा समुद्राच्या पाण्याबद्दल. हे वर्गात फळ्यावर सांगता येते, पण अंगी बाणते ते ठरल्या वेळी बाटली घेऊन काठावर उभे राहिल्यावर. वृक्षांच्या नोंदी तर याहून सोप्या. पन्नास झाडांना क्रमांक द्यायचे, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, त्यांचा घेर वर्षातून एकदा मोजायचा आणि पालवी, मोहर, फळ, पानगळ दर आठवड्याला टिपायची. ताम्हण कधी फुलले, आंब्याला मोहर कधी आला, पावसाआधी कुठल्या झाडाने पाने टाकली. एका वर्षाच्या अशा नोंदीला फार किंमत नाही. दहा वर्षांच्या नोंदी हाताशी असल्या, तर हवामान बदलते आहे की नाही याची चर्चा ऐकीव गोष्टींवरून करावी लागणार नाही, आपल्याच शहरातल्या झाडांच्या दाखल्याने करता येईल.

सलग नोंदी नसताना भल्या हेतूने घेतलेला निर्णयही किती महागात पडतो, याचे आपल्या देशातले सर्वांत ठळक उदाहरण राजस्थानातल्या भरतपूरचे आहे. केवलादेवच्या पाणथळीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यानंतर १९८२ मध्ये तिथे गावकऱ्यांच्या म्हशींना चराईबंदी झाली. गुरे पक्ष्यांना त्रास देतात, ही समजूत त्या वेळी सर्वांना पटणारी होती. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसे दगावली. त्याच काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथे दीर्घ अभ्यास चालू होता. जवळजवळ दशकभराच्या नोंदींनंतर त्यातून उलटेच चित्र पुढे आले. म्हशी चरत होत्या तेव्हा पाण्यातले गवत आटोक्यात राहत होते. चराई थांबल्यावर ते माजले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांचा अधिवास बिघडला. देशातल्या नामवंत पक्षितज्ज्ञांनाही जे आधी दिसले नव्हते ते नोंदींनी दाखवले. या प्रकरणातून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे निसर्गाबद्दलचे प्रेम आणि अनुभव यांची जागा मोजमापाला घेता येत नाही, पण मोजमापाविना ते दोन्ही चुकू शकतात. दुसरी म्हणजे तो अभ्यास दोन–तीन वर्षांत गुंडाळला असता, तर हा निष्कर्ष हाती लागलाच नसता.

आपल्या रोजच्या समजुतींनाही हेच लागू पडते. चिमण्या संपत चालल्या, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर शंका घेणेही चमत्कारिक वाटते. पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून तयार झालेल्या २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालात मात्र दिसले की देशभराचा विचार करता चिमणी बऱ्यापैकी टिकून आहे, घट आहे ती मोठ्या महानगरांत. म्हणजे मुंबई–पुणेकराचे डोळे खोटे सांगत नव्हते, फक्त त्याने आपल्या गल्लीवरून देशाचा हिशेब मांडला होता. याच मालिकेतल्या २०२३ च्या अहवालासाठी तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या, ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला आणि त्यांतल्या १७८ प्रजातींना तातडीने लक्ष देण्याच्या यादीत घातले गेले. एकेकाळी शेताच्या बांधावर, तारेवर सहज दिसणाऱ्या नीलकंठाचीही त्यात चिंता व्यक्त झाली आहे. या नोंदी करणाऱ्यांतले बहुसंख्य लोक पगारी शास्त्रज्ञ नाहीत. शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, बँकेत काम करणारे आहेत आणि विद्यार्थीही आहेत. मग ज्याला या कामासाठी विद्यापीठ क्रेडिट देते, ज्याला सांख्यिकी शिकवली जाते, त्याच्याकडून याहून कमी अपेक्षा का ठेवावी?

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. विद्यार्थी नवखा असतो, त्याला प्रजाती नीट ओळखता येत नाहीत, तो हजेरीपुरता येतो, कधी कधी घरी बसून आकडे भरतो. अशा नोंदींवर उद्यानाचे व्यवस्थापन कसे विसंबणार? हे सगळे होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण विश्वासार्हता माणसाच्या हुद्द्यातून येत नाही, पद्धतीतून येते, हे आपल्याला सरिस्काने शिकवले आहे. राजस्थानातल्या त्या व्याघ्र प्रकल्पात २००४ च्या सरकारी गणतीनुसार पंधराहून अधिक वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला उघड झाले की तिथे एकही उरलेला नाही. गणती करणारे अनुभवी वनकर्मचारी होते आणि गणती अधिकृत होती. पायाच्या ठशांवरून वाघ ओळखण्याची रीत इतकी सैल होती, आणि आकडा कमी दाखवण्याचा संकोच इतका, की वाघ गेले तरी कागदावर ते वावरत राहिले. त्यानंतर पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले आणि पुढे कॅमेऱ्याने टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याची, दुसऱ्याला तपासून पाहता येईल अशी पद्धत देशभर आली. निसर्ग उद्यानातल्या इंटर्नलाही हेच लागू करावे. ओळख पटली नाही तर ‘ओळख पटली नाही’ असे लिहिण्याची मुभा हवी, तसे लिहिल्याबद्दल गुण कापले जाऊ नयेत. प्रत्येक फेरीला छायाचित्र आणि वेळ यांचा पुरावा असावा. महिन्यातून एक फेरी जाणकारासोबत व्हावी आणि दोघांच्या नोंदी स्वतंत्रपणे लिहून ताडून पाहाव्यात. ‘आज काहीही दिसले नाही’ ही नोंद शिक्षकांनी मनापासून स्वीकारली, तर घरी बसून आकडे भरण्याचे निम्मे कारण संपते. कारण विद्यार्थी आकडा बनवतो तो बहुतेक वेळा रिकामा रकाना दाखवायची भीती वाटते म्हणून.

दुसरा आक्षेप वेळेचा. १२० तासांत काय शास्त्र होणार? एकट्याच्या १२० तासांत फारसे होणार नाही, हे खरेच. म्हणून तर साखळी हवी. आज साधारणपणे काय होते? परीक्षा संपल्या की मे महिन्यात सगळे विद्यार्थी एकदम उद्यानात येतात, वीस दिवस रोज सहा तास बसतात आणि जूनमध्ये नाहीसे होतात. म्हणजे जेव्हा मुंबईच्या रानात खरी हालचाल सुरू होते, बी रुजते, बेडूक बोलू लागतात, पावसाळ्याच्या अखेरीस फुलपाखरांची गर्दी होते, तेव्हा नोंद घ्यायला कुणीच नसते. त्याऐवजी १२० तास आठवड्याला चार तास या हिशेबाने तीस आठवड्यांवर पसरता येतात. सत्राची चौकट आड येत असेल तर पंधरा आठवडे आठ तास. एखादे महाविद्यालय वर्षाला बारा विद्यार्थी पाठवत असेल, तर त्यांच्या पाळ्या अशा लावता येतात की वर्षातला एकही महिना कोरा जाऊ नये आणि दोन तुकड्यांच्या मध्ये आठवडाभर तरी जुना आणि नवा विद्यार्थी एकत्र चालावेत. हे एकत्र चालणे फार मोलाचे आहे. कुठल्या वळणावर थांबायचे, कुठल्या झाडाचा क्रमांक पुसट झाला आहे, कुठल्या दोन फुलपाखरांत गफलत होते, या गोष्टी कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत पूर्णपणे उतरत नाहीत. विद्यापीठांनी वेळापत्रकाचा नियम थोडा सैल करावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अभ्यास मंडळाची इच्छा लागते.

पालकांचा आणि बऱ्याच विद्यार्थ्यांचा आक्षेप वेगळाच असतो. फुलपाखरे मोजून नोकरी मिळते का? पर्यावरणशास्त्राच्या पदवीधराला नोकरी मिळते ती सल्लागार कंपन्यांत, कारखान्यांच्या सांडपाणी विभागात, प्रदूषण नियंत्रणाच्या प्रयोगशाळांत. मग उद्यानात घालवलेला वेळ वाया नाही का? मला उलट वाटते. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा आढावा सादर करावा लागतो आणि त्यातला आधारभूत माहितीचा भाग बहुधा एका हंगामाच्या, पावसाळा वगळून केलेल्या पाहणीवर उभा असतो. आता कोकणातला कातळसडा डोळ्यांपुढे आणा. एप्रिलमध्ये तो काळा, तापलेला, ओसाड दगड असतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद कित्येकदा पोटखराबा अशीच असते. आणि ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये त्याच दगडावर पाण्याची डबकी, कीटकभक्षी वनस्पती, इतरत्र न आढळणारी इवली फुले आणि बेडूक असतात. उन्हाळ्यात पाहणी करून ‘येथे उल्लेखनीय वनस्पती नाहीत’ असे लिहिणारा सल्लागार खोटे लिहीत असतोच असे नाही. त्याने पाहिले तेव्हा खरोखरच काही नव्हते. वर्षभर एकाच वाटेवर चाललेल्या विद्यार्थ्याच्या हे लगेच ध्यानात येईल, आणि तोच उद्या सल्लागार कंपनीत बसला तर पाहणीचा महिना कोणता हे आधी विचारील. कंपनीला असा माणूस थोडा अडचणीचा वाटेल. समाजाला मात्र त्याची नितांत गरज आहे. शिवाय नमुना घेणे, वेळ–जागा लिहिणे, आकडे तक्त्यात भरणे, चुका शोधणे ही कौशल्ये सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत लागतात तीच आहेत.

पैशाचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण यावर आपण फार गुळमुळीत बोलतो. निसर्गाचे काम सेवाभावाने करायचे असते, असे सांगून विद्यार्थ्याकडून फुकट काम घेण्याची रीत पडली आहे. अंबरनाथ किंवा विरारहून सकाळी सातला माहीमच्या खाडीकाठी पोहोचायचे तर लोकलचा पास, बसभाडे, नाश्ता आणि बुडालेली शिकवणी किंवा अर्धवेळ नोकरी, एवढे सगळे त्याच्या खिशातून जाते. ज्याच्या घरी हे झेपते तोच येतो आणि ज्याला झेपत नाही तो कुठल्या तरी ओळखीच्या कार्यालयातून शिक्का आणतो. म्हणजे शिक्क्यांचा बाजार आणि बिनपगारी इंटर्नशिप यांचा थेट संबंध आहे. प्रशिक्षणार्थ्याला विद्यावेतन द्यावे हे तत्त्व राज्याने अन्यत्र मान्य केलेले आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला दहा हजार रुपये ठरवले गेले. ती योजना शिकत असलेल्यांसाठी नाही, पण आठवड्याला चार–आठ तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या प्रमाणात प्रवास आणि जेवणाचा खर्च देणे कुठल्याही उद्यानाच्या अंदाजपत्रकाला डोईजड होऊ नये. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी झाडे लावण्यासाठी आणि त्या कार्यक्रमाच्या फलकासाठी मिळतो, तो झाडे मोजण्यासाठीही मागता येईल. पैशाइतकीच दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. गमबूट, प्रथमोपचाराची पेटी, साप चावल्यास कुठे न्यायचे याचा लेखी पत्ता, स्वच्छ शौचालय आणि एकट्या विद्यार्थिनीला तिवरांच्या भागात न पाठवण्याचा नियम. हे नसेल तर कितीही सुंदर पद्धत कागदावरच राहील.

उद्यानांच्या बाजूनेही एक रास्त तक्रार आहे. आधीच माणसे कमी, तिकीट, सुरक्षा, झाडांची निगा यांतच दिवस जातो, त्यात विद्यार्थ्यांना कोण शिकवणार? पण पहिल्या वर्षाचा भार सोसला तर साखळीच पुढचा बराचसा भार उचलते, कारण नव्याला शिकवायला जुना हजर असतो. दुसरी, उघडपणे न बोलली जाणारी अडचण नोंदीतून निघणाऱ्या सत्याची आहे. तळ्याचे पाणी बिघडल्याचे दिसले, लावलेल्या रोपांतली निम्मी जगली नसल्याचे दिसले, तर उत्तर कोण देणार? ही भीती मी समजू शकतो, तिला मान देऊ शकत नाही. ज्या शहरात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली हद्द सगळ्यांना दाखवून दिली, त्या शहराला नदीकाठच्या प्रत्येक मोकळ्या एकराची खरी अवस्था माहीत असायला हवी. धारावीच्या पुनर्विकासाच्या निमित्ताने महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या जागेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अशा वेळी न्यायालयापुढे भावना फार काळ टिकत नाहीत. इथे अमुक इतकी झाडे आहेत, त्यांचा घेर एवढ्या वर्षांत एवढा वाढला, एवढ्या प्रकारची फुलपाखरे या वाटेवर दर वर्षी दिसली, असे तारखांसह सांगता आले तर जागेच्या बाजूने बोलायला कुणाच्या तरी हातात काही असते. वाईट आकडेही उद्यानाच्या बाजूचेच असतात, कारण निधी मागायचा तर दुखणे दाखवावे लागते.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्यानुसार गावोगावी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या. त्यांतल्या अनेक एकदा भरून कपाटात गेल्या, कारण त्या पुढे चालवणारे कुणी नव्हते. निसर्ग उद्यानांकडे दर वर्षी ताजे, शिकलेले, उत्साही हात आपणहून येतात. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे की पर्यावरणशास्त्राच्या इंटर्नशिपचे गुण बांधीव अहवालाला देण्याऐवजी नोंदवहीतल्या पानांना द्या, आणि नोंदवही पुढच्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन केल्याची सही असल्याशिवाय क्रेडिट मंजूर करू नका. उद्यानांच्या व्यवस्थापनांनी पुढची तुकडी दाखल करून घेण्याआधी एक वाट ठरवावी, पन्नास झाडांना क्रमांक द्यावेत आणि पहिली नोंदवही विकत आणावी. आणि विद्यार्थ्यांनो, इंटर्नशिपसाठी उद्यानात जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, मागच्या इंटर्नची वही कुठे आहे? नसेल तर तुमच्यापासून सुरू करा, आणि पहिल्या पानावर तारखेसोबत वेळही लिहा.